खाणी थांबल्या, वीज वाढत गेली: गोव्याच्या अर्थव्यवस्थेचा ऊर्जा-हिशेब

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने लोहखनिजाचे उत्खनन स्थगित केले. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची कमाल मर्यादा आखून दिली आणि लीजांची (खाणपट्ट्यांच्या भाडेकरारांची) मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, हे स्पष्ट केले. तरीही ८८ लीजांचे नूतनीकरण झाले. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने तेही रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या. पुढे २०२२ च्या अखेरीस खनिज पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोली पट्ट्यात काम पुन्हा उभे राहिले.

खाण अवलंबितांसाठी ही वर्षे फार कठीण गेली, आणि त्याचे मोल कोणत्याही तक्त्यात मावत नाही. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र एवढ्या लहान राज्याची मुख्य निर्यात एका आदेशाने शून्यावर येणे ही क्वचित मिळणारी स्थिती आहे. अर्थव्यवस्था एका कच्च्या मालावरून अनेक घडीव, कौशल्याच्या वस्तूंकडे वळली की पर्यावरणावरचा भार हलका होतो, हा समज धोरणाच्या कागदांत पक्का बसला आहे. गोव्यात तो तपासता येतो. तपासला तर दिसते की भार मुख्यतः जागा बदलतो, आणि राज्याच्या सीमेपाशी हिशेब थांबवला तर ही हालचाल नजरेतून पूर्ण निसटते.

एक टन खनिज

आधी जे थांबले ते काय होते, हे नीट पाहू. गोव्याचे खनिज बहुतांशी कमी प्रतीचे, म्हणजे लोहाचे प्रमाण ५८ टक्के किंवा त्याहून कमी. सुरुवातीची दशके ते जपानला जाई. चीनच्या पोलाद कारखान्यांनी कमी प्रतीचा मालही उचलायला सुरुवात केल्यावर गणित पालटले. २००० च्या सुमारास वर्षाला २ कोटी टनांच्या आत असलेली निर्यात २०१०-११ मध्ये ५ कोटी टनांच्या वर गेली. त्यात कर्नाटकातून आलेला मालही होता. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

एक टन खनिज काढायला साधारण तीन टन माती-दगड बाजूला काढावे लागत. वरचा जांभा, त्याखालची चिकण, रंगीत माती, मग खनिजाचा थर. म्हणजे एकूण चार टन पदार्थ एक्स्कॅव्हेटरने उचलायचा, त्यातला तीन टन डंपवर, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगावर, टाकायचा आणि एक टन टिपरने जेटीवर न्यायचा. तिथून बार्जने मांडवी किंवा जुवारीतून, गरजेप्रमाणे कुंभारजुवे कालव्यातून, मुरगाव बंदराला.

डिझेलचा अंदाज असा मांडता येतो. उघड्या खाणीत एक टन पदार्थ हलवायला अर्धा लिटर धरला, तर चार टनांना २ लिटर. दहा टनांचा टिपर १५ किलोमीटरवरच्या जेटीला जाऊन रिकामा परत येतो, लिटरला ३ किलोमीटर देतो, म्हणजे फेरीला १० लिटर आणि टनाला १ लिटर. एकूण ३ लिटर. एक लिटर डिझेल जळले की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून एका टनामागे सुमारे ८ किलो. वर्षाला ४ कोटी टन धरले तर ३.२ लाख टन. खाणीची खोली, जेटीचे अंतर, धुलाईचा प्लांट यांप्रमाणे हा आकडा वरखाली होईल. त्याचा आवाका मात्र एवढाच राहतो.

आता हाच टन झोतभट्टीत, म्हणजे खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्टीत, जातो. एक टन कच्च्या पोलादाला सुमारे १.६ ते १.७ टन खनिज लागते आणि त्या मार्गाने २.२ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. उलट भागिले तर एका टन खनिजामागे साधारण १.३ टन. गोव्यात ८ किलो, भट्टीपाशी १,३०० किलो. साध्या वस्तूची निर्यात करणाऱ्या प्रदेशाचे स्वतःचे उत्सर्जन कमी दिसते ते यामुळे. ऊर्जा खाणारा टप्पा, आणि त्याबरोबर मूल्य वाढवणारा टप्पाही, दुसऱ्याच्या अंगणात असतो.

मग गोव्याच्या वाट्याला काय आले? माती आणि पाणी. खाणीचा तळ भूजलपातळीच्या खाली गेला की पाण्याचा उपसा अटळ होतो. उपसा सुरू झाला की आजूबाजूच्या विहिरी आणि झरे फेब्रुवारी-मार्चमध्येच आटू लागतात. आणि जूनमध्ये उलट संकट. वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या उतारावर सुट्या मातीचा डंप उभा असतो. डंपचा एकूण उतार साधारण २८ अंशांच्या आत ठेवायचा, पायथ्याशी दगडी भिंत, भोवती चर, चरांच्या शेवटी गाळ बसवणारा तलाव, आणि त्या तलावाचा आकार ५० वर्षांतल्या जोरदार पावसाच्या नोंदींवर आणखी ५० टक्के धरून काढायचा, असे पर्यावरण परवान्यांच्या अटींत लिहिलेले असते. बिघाड ठरावीक जागी होतो. तलाव मे महिन्यात उपसला जात नाही, आधीच्या वर्षीचा गाळ तसाच असतो, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची अर्धी क्षमताही उरलेली नसते. पाणी वरून वाहू लागते. त्यातली चिकण माती इतकी बारीक की ती शांत पाण्यातही तासन्‌तास तरंगत राहते. वाहत्या पाण्यात ती बसण्याचा प्रश्नच येत नाही. ती नाल्यात, तिथून शेतात, आणि खाली खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या) मानशीपर्यंत, म्हणजे पाण्याच्या दारापर्यंत, जाते. भातखाचरात बसलेला हा तांबडा थर सुकला की पापुद्र्यासारखा कडक होतो, हवा आणि पाणी आत जाऊ देत नाही. मानशीच्या दारापाशी साचला की भरती-ओहोटीचे पाणी आतबाहेर करणारी सगळी रचना अडते आणि खारे पाणी शेतात राहते.

या नुकसानीचा एक किलोही कार्बनच्या खात्यात जात नाही. केवळ ऊर्जा आणि उत्सर्जन मोजून शाश्वततेचा निर्णय देणाऱ्या अभ्यासांची ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि गोव्यासारख्या पाणथळ, उताराच्या प्रदेशात ती अक्षम्य ठरते.

जटिलता वाढली, की वाढल्यासारखी दिसली?

आर्थिक जटिलतेचे मोजमाप सेझार हिडाल्गो आणि रिकार्डो हाउसमन यांनी २००९ मध्ये मांडले. पद्धत अशी. प्रत्येक प्रदेश कोणकोणत्या वस्तू स्पर्धेत टिकेल इतक्या प्रमाणात निर्यात करतो, ते पाहायचे. त्यासाठी एक गुणोत्तर काढतात: प्रदेशाच्या एकूण निर्यातीत त्या वस्तूचा वाटा, भागिले तुलनेच्या मोठ्या टोपलीत (देशाच्या किंवा जगाच्या निर्यातीत) त्याच वस्तूचा वाटा. उत्तर १ किंवा अधिक आले तर ती वस्तू त्या प्रदेशाच्या खात्यात. अशा वस्तू किती, ही झाली विविधता. तीच वस्तू आणखी किती प्रदेशांना जमते, ही झाली तिची सर्रासता. बऱ्याच वस्तू बनवणारा आणि त्यातल्या त्यात इतरांना न जमणाऱ्या वस्तू बनवणारा प्रदेश जटिल ठरतो. लोहखनिज या मापात तळाशी असते. औषधे, वैद्यकीय उपकरणे, विद्युत स्विचगिअर बरेच वर.

ही पद्धत गोव्याला जशीच्या तशी लावली तर तीन ठिकाणी फसते.

पहिली फसगत निव्वळ अंकगणिताची आहे, आणि ती सर्वांत जास्त दिशाभूल करते. समजा, राज्याची निर्यात १०० रुपये, त्यात खनिज ७०, विद्युत उपकरणे २. देशाच्या निर्यातीत विद्युत उपकरणांचा वाटा ३ टक्के धरू. गुणोत्तर आले ०.६७, म्हणजे ही वस्तू गोव्याच्या खात्यात नाही. उद्या खाणी बंद. निर्यात उरली ३०, उपकरणे तेवढीच २. वाटा झाला ६.७ टक्के, गुणोत्तर २.२. उपकरण एकही जास्त बनले नाही, नवा कामगार लागला नाही, नवे कौशल्य आले नाही. तरी वस्तू खात्यात जमा झाली आणि निर्देशांक वर चढला. याच वर्षांत नदीतला गाळही कमी झाला असेल, तर संगणकात आकडे घालणारा अभ्यासक जटिलता वाढली म्हणून प्रदूषण घटले, असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. दोन्हींचे कारण एकच होते, आणि ते न्यायालयाचा आदेश.

यावर उपाय सोपा आहे. बंदीच्या आधीची आणि नंतरची दोन्ही गणिते खनिज वगळून करायची, आणि गुणोत्तराबरोबर प्रत्येक वस्तूचे रुपयांतले किंवा टनांतले निव्वळ उत्पादन शेजारच्या रकान्यात मांडायचे. ते वाढले असेल तरच वाढ म्हणायची.

दुसरी फसगत नोंदींची. कर्नाटकातले खनिज मुरगावातून गेले की बंदराच्या आकड्यांत ते गोव्याचे दिसते. उलट वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत बनलेल्या औषधी गोळ्यांचा कंटेनर मुंबईजवळच्या न्हावा-शेवाहून जहाजात चढतो. म्हणून बंदरनिहाय आकडे घ्यायचे नाहीत. शिपिंग बिलावर उगमराज्याचा रकाना असतो, तो घ्यायचा, आणि तोही औद्योगिक वसाहतीतल्या उत्पादनाशी ताडून पाहायचा. मुख्यालय मुंबईत असेल तर तो रकाना चुकीचा भरला जाण्याची शक्यता राहतेच.

तिसरी फसगत पर्यटनाची. मूळ निर्देशांक वस्तूंच्या निर्यातीवर उभा आहे. २०१९ साली गोव्यात सुमारे ८० लाख पर्यटक आले, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या पाचपट. त्यांच्या खोल्यांचे एसी, लाँड्री, गरम पाणी, टँकर, टॅक्सी यातले काहीच निर्यातीच्या तक्त्यात येत नाही. गोव्याच्या अर्थव्यवस्थेचा एवढा मोठा तुकडा ज्या मापात दिसत नाही, ते माप एकट्याने वापरूच नये. उद्योगनिहाय रोजगाराची आकडेवारी जोडीला घेतली तर चित्र बरेच खरे होते.

विजेचा रकाना

गोव्याची स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. राज्याचे विद्युत खाते केंद्रीय प्रकल्पांतला वाटा आणि बाजारातली वीज घेऊन भागवते. पश्चिम ग्रिडवरून कोरबा, विंध्याचलसारखी औष्णिक केंद्रे आणि दक्षिण ग्रिडवरून रामागुंडम. राज्याची गरज वर्षाला साडेचारशे कोटी युनिटांच्या घरात आहे आणि दरडोई वापर देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. करोनाचे वर्ष सोडले तर मागणी चढतीच राहिली आहे. खाणी बंद पडल्याने तिला उतार लागला नाही, कारण खाणी मुळात डिझेलवर चालत होत्या.

भारतीय ग्रिडवरच्या एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. ४५० कोटी युनिट गुणिले ०.७२ म्हणजे ३२ लाख टन. खाणींच्या डिझेलचा वरचा अंदाज होता ३.२ लाख टन. म्हणजे गोव्यातला विजेचा वापर दहा टक्क्यांनी वाढला की भरात असलेल्या संपूर्ण खाण उद्योगाच्या डिझेलइतके उत्सर्जन वाढते. फरक इतकाच की तो धूर आणि ती राख छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणात असते. साखळी-डिचोलीच्या रस्त्यावरची लाल धूळ सगळ्यांना दिसायची. ही राख इथे कोणालाच दिसत नाही.

स्वस्त विजेने अर्थव्यवस्था कुठल्या वळणाला लागते, याचा धडा गोव्याला आधीच मिळालेला आहे. ३० सप्टेंबर १९९१ च्या अधिसूचनेने उच्चदाब ग्राहकांना वीजदरात २५ टक्के सूट दिली गेली. हेतू उद्योग आणण्याचा होता. पण सूट युनिटवर असेल तर जो सर्वांत जास्त युनिट जाळतो तोच सर्वांत आधी येतो. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि सळ्यांच्या रोलिंग मिल आल्या. इंडक्शन भट्टीत एक टन धातू वितळवायला ६०० युनिटांच्या आसपास लागतात, म्हणजे टनामागे सव्वाचारशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड. रोजगार मोजका, कौशल्य मर्यादित. सवलतीचा बोजा इतका झाला की २००२ साली पुढची देणी थांबवणारा कायदा विधानसभेला करावा लागला. जटिल उद्योग हवे असतील तर सवलत विजेच्या युनिटवर कधीच देऊ नये. ती प्रशिक्षणावर, चाचणी प्रयोगशाळांवर, सांडपाण्याच्या सामायिक व्यवस्थेवर द्यावी.

वेर्ण्याच्या पठारावर

देशाच्या औषध उत्पादनात गोव्याचा वाटा दहाएक टक्के सांगितला जातो. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुये इथल्या वसाहतींत मुख्यतः गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शने अशी तयार औषधे बनतात. खाणीच्या मानाने हे स्वच्छ काम वाटते आणि बऱ्याच अंशी ते आहेही. मात्र त्यात ऊर्जा कुठे जाते, हे जवळून पाहायला हवे.

गोळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या वीजबिलातला निम्म्याच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा भाग यंत्रांचा नसतो, हवेचा असतो. उत्पादनाच्या खोलीत हवा तासाला वीस वेळा बदलायची, गाळून आत सोडायची, तापमान २४ अंशांच्या आसपास आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के राखायची. जुलै महिन्यात बाहेरची आर्द्रता ९० टक्क्यांवर असते. ही हवा कोरडी करायची तर आधी ती १२-१३ अंशांपर्यंत थंड करावी लागते, म्हणजे पाणी गळून पडते. पण इतकी थंड हवा तशीच आत सोडता येत नाही. म्हणून ती पुन्हा तापवतात. पुष्कळ जुन्या कारखान्यांत हे तापवणे विजेच्या हीटरने होते. आधी वीज खर्चून थंड केलेली हवा पुन्हा वीज खर्चून गरम, आणि पावसाळ्याचे चार महिने हे अहोरात्र चालते.

चिलरच्या (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या) कंडेन्सरमधून फुकट बाहेर टाकली जाणारी उष्णता याच कामाला लावता येते; गरम पाण्याची एक कॉइल आणि पंप एवढाच सरंजाम लागतो. जुना चिलर टनाला (हा टन वजनाचा नव्हे, थंड करण्याच्या क्षमतेचा) १.२ किलोवॅट खात असेल आणि नवा पाण्याने थंड होणारा ०.६५, तर ३०० टनांच्या सरासरी भारावर वर्षाच्या ८,००० तासांत १३ लाख युनिट वाचतात, म्हणजे साडेनऊशे टन कार्बन डायऑक्साइड. पंख्याची वीज हवेच्या प्रवाहाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणून रात्री उत्पादन नसताना हवाबदल वीसवरून दहावर आणले तर पंख्याचा भार हिशेबाने एक अष्टमांश होतो. प्रत्यक्षात गाळण्या आणि दाबाच्या बंधनामुळे इतका नाही, तरी निम्म्याहून खूपच कमी.

हे सगळे इंजिनिअरांना ठाऊक असते. होत नाही त्याचे कारण वेगळे आहे. खोलीची हवा ही औषधाच्या परवान्याचा भाग असते. तिच्यात बदल म्हणजे बदल-नियंत्रणाची फाइल, धोक्याचे मूल्यमापन, पुन्हा पात्रता-चाचण्या, आणि परदेशी तपासनीस आला की त्याला स्पष्टीकरण. वाचणारी वीज आणि हा व्याप यांच्यात व्यवस्थापन व्याप टाळते. म्हणून नवा विभाग उभारतानाच रात्रीचा कमी प्रवाह पात्रता-चाचणीत धरून घ्यावा. तेव्हा त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही. नंतर तो कायमचा राहून जातो.

सांडपाण्याचे गणितही असेच उलटसुलट आहे. एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, अशी अट असलेला कारखाना पाणी आधी आरओतून काढतो आणि उरलेले खारट पाणी आटवतो. चार टप्प्यांच्या बाष्पकात एक किलो वाफ सुमारे तीन किलो पाणी आटवते. म्हणजे एक घनमीटर पाण्याला ३३० किलो वाफ, तिला २४-२५ किलो फर्नेस ऑइल, आणि त्यातून सुमारे ७५ किलो कार्बन डायऑक्साइड. नदी वाचली, हवेचा हिशेब वाढला. उपाय बाष्पकाच्या आधी आहे: यंत्रे धुण्याच्या पहिल्या पाण्यात क्षार आणि औषधाचा अंश सर्वाधिक असतो, ते वेगळे धरायचे आणि नंतरची धुणी वेगळ्या टाकीत घेऊन आरओने परत वापरायची. सगळे पाणी एका टाकीत मिसळले की सगळेच आटवावे लागते. बाष्पकाच्या नळ्यांवर थर चढू लागला की वाफेचा खप महिन्याभरात दीडपट होऊ शकतो. वाफ आणि आटलेले पाणी यांचे गुणोत्तर रोजच्या नोंदवहीत लिहिले तर थर वेळीच लक्षात येतो. ज्या वहीत केवळ सोडलेल्या पाण्याचा आकडा असतो, तिथे तो बाष्पक अडेपर्यंत कळत नाही.

वीज गेली की डिझेल जनरेटर. एका लिटरला ३.५ ते ४ युनिट मिळतात, म्हणजे युनिटमागे साधारण ०.७ किलो. ग्रिडइतकेच. जनरेटरमुळे कार्बन वाढत नाही, काजळी मात्र वेर्ण्यातच राहते आणि युनिटचा खर्च कित्येक पट होतो.

मोलेचे जंगल आणि वास्कोची धूळ

वाढती वीज आणायला वाट हवी असते. छत्तीसगडमधल्या तमनारच्या नावाने ओळखला जाणारा ४०० केव्ही वीजवाहिनीचा प्रकल्प, त्याचे मोलेजवळच्या सांगोड इथले उपकेंद्र, कॅसलरॉक ते कुळे रेल्वेचे दुपदरीकरण आणि महामार्गाचे चौपदरीकरण, हे तिन्ही भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात एकाच वेळी येऊन ठेपले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिनीसाठी नवे जंगल कापण्याऐवजी आधीच्या वाहिनीचा पट्टा वापरण्याची दिशा दिली आणि ९ मे २०२२ रोजी दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

रेल्वेच्या वादामागे कोळसा होता. मुरगाव बंदरात उतरणारा कोकिंग कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जातो. गोव्याला त्यातले पोलाद मिळत नाही, वास्कोतल्या खिडक्यांवर आणि भांड्यांवर काळी पूड मिळते. कोरबाच्या राखेत गोव्याच्या एसीचा वाटा आहे आणि वास्कोच्या धुळीत कर्नाटकातल्या पोलादाचा. दोन्ही रकाने एकाच कागदावर शेजारीशेजारी लिहिले नाहीत तर गोवा कधी निष्पाप दिसतो, कधी नुसता बळी. तो दोन्ही नाही.

सौरविजेची मर्यादा

गोव्यात एक किलोवॅट सौर पॅनेल वर्षाला १,३०० ते १,४०० युनिट देते. अहोरात्र एक मेगावॅट भार असलेल्या कारखान्याला वर्षाला ८७.६ लाख युनिट लागतात. एक मेगावॅट पॅनेल त्यातले १५ टक्के भागवते. सगळी गरज सौरविजेने भागवायची तर साडेसहा मेगावॅट बसवावे लागतील, आणि मग दुपारी बाराला गरजेच्या कितीतरी पट वीज तयार होईल, रात्री शून्य. केंद्राच्या २०२२ च्या हरित खुल्या प्रवेशाच्या नियमांनी १०० किलोवॅटपासूनच्या ग्राहकाला थेट हरित वीज घेण्याची वाट मोकळी केली, ही चांगली गोष्ट. पण महिन्याच्या बेरजेवर हरित ठरलेला कारखाना रात्री कोळशाच्याच विजेवर चालतो. हॉटेलांचाही कमाल भार संध्याकाळी सातनंतरचा. म्हणून प्रत्येक उच्चदाब ग्राहकाचा पंधरा मिनिटांचा भारनकाशा मीटरमधून काढून त्यावर सौरविजेचा नकाशा ठेवून पाहावा. जी वेळ उघडी राहते, तिच्यासाठी साठवण लागणार: बॅटरी, किंवा कारखान्यात थंड पाण्याची मोठी टाकी. दुपारी चिलर जादा चालवून पाणी थंड करून ठेवायचे आणि रात्री तेच फिरवायचे. वातानुकूलनाचाच भार मोठा असलेल्या जागी ही टाकी बॅटरीहून स्वस्त पडते आणि तिची देखभाल प्लंबरला जमते.

जुन्या डंपांवर पॅनेल बसवण्याची कल्पना वारंवार येते. डंप वर्षानुवर्षे दबत असतो, एका बाजूने जास्त. पाया वाकडा झाला की पॅनेलची रांग पिळली जाते आणि काचा तडकतात. आधी दोन पावसाळे दबण्याचे मोजमाप घ्यावे, मगच काम काढावे.

पुन्हा सुरू झालेल्या खाणींपाशी

आता ज्या पट्ट्यांत काम सुरू झाले आहे किंवा होणार आहे, तिथे पहिल्या दिवसापासून तीन रकाने ठेवता येतील: पट्ट्यात जळलेले डिझेल, बाहेरून आलेली वीज, आणि माल जिथे जातो तिथल्या भट्टीचे उत्सर्जन. पहिले दोन लीजधारकाच्या बिलांतून मिळतात. तिसऱ्यासाठी खरेदीदार देश आणि प्रत पुरते. पण चौथी वही या तिन्हींहून महत्त्वाची आहे, आणि ती पाण्याची.

बंदीच्या काळात उपसा थांबला तशी खाणींचे खड्डे भरले. काही गावांत उलटेही घडले: वायंगण (पावसाळ्यानंतरच्या) शेतीला जे पाणी खाणीच्या उपशातून मिळत होते तेच बंद झाले आणि नैसर्गिक झरा तर आधीच गेलेला. काम थांबवले की निसर्ग आपोआप पूर्वपदाला येतो, हे गृहीत म्हणूनच चालत नाही. सध्याची भूजलपातळी ही बंदीनंतरची आहे. उपसा पुन्हा सुरू होण्याआधी ती नोंदवली गेली नाही तर पुढच्या प्रत्येक वादात तुलनेला काही उरणार नाही.

खड्ड्याच्या काठापासून अर्धा, एक आणि दोन किलोमीटरवरच्या विहिरी ठरवून घ्याव्यात, चारही दिशांना. प्रत्येकीच्या काठावर रंगाने एक कायमची खूण करावी आणि माप नेहमी त्याच खुणेपासून घ्यावे. मापणारा बदलला की काठाची जागा बदलते आणि नोंद वीस-तीस सेंटिमीटरने चुकते. मेचा शेवटचा आठवडा आणि ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, या दोन नोंदी चुकवू नयेत, जमल्यास दरमहा. सकाळी पंप लागण्याआधी मोजावे. त्याच दिवशीचा उपसा पंपाच्या तासांवरून आणि मीटरवरून लिहावा, आणि पावसाचा आकडा जवळच्या पर्जन्यमापकाचा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात डंपखालच्या नाल्याचे पाणी पारदर्शक बाटलीत घेऊन एक दिवस उभे ठेवावे आणि तळाशी बसलेल्या गाळाची उंची मोजावी; प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत गाळतलाव भरला आहे का, हे त्यावरून लगेच कळते. ही वही पंचायतीत आणि लीजधारकाकडे, दोन्हीकडे एकाच दिवशी भरली जावी, आणि दोन्ही प्रतींवर एकमेकांच्या सह्या असाव्यात.